लेहहून कारगिलला, मिठाच्या बर्फात

७ डिसेंबर १९८२, मंगळवार

लेहहून कारगिलला विमानाने किती वेळ लागतो?

मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तरी आज सगळ्यांसमोर मी सांगितलं — अर्धा तास.

दुपारी डेपोत सगळ्यांचे डबे उघडलेले असतानाच नंदकुमार सरांनी विचारलं. सरकारचं मोठं काम मिळालंय, लडाखसाठी त्रिगुणी लस. लहान मुलांची. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्हींना मिळून एकच सुई. निम्मी खोकी लेहला, निम्मी पुढे कारगिलला. म्हणाले, यशोधरा, तुझ्या तक्त्यात ही दोन नावं बसव. लेहपर्यंतचा हिशेब सोपा — सांताक्रूझहून दिल्ली, मग चंदीगड, मग लेह. पण पुढे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या लसींच्या डेपोत बी.एस्सी. मी एकटी. आमच्या घरात तर मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. ‘माहीत नाही’ म्हणायला जीभच उचलली नाही.

सरांनी लगेच तक्त्यात लिहूनही टाकलं. पेनाने.

तो तक्ता माझा आहे. सहा महिन्यांपूर्वी लागले तेव्हा पॅकिंगवाले अंदाजाने बर्फ भरायचे, पुण्याला जेवढा तेवढाच पाटण्याला. मी गाव, अंतर, विमानाचा वेळ, गाडीचा वेळ आणि त्याप्रमाणे बर्फ असं सगळं मांडून काढलं. आता तक्त्याला विचारल्याशिवाय एक खोकं तुर्भ्याबाहेर जात नाही. आणि आज त्याच तक्त्यात मी थाप मारली.

८ डिसेंबर

शाळेतला अ‍ॅटलास काढला. लेह आणि कारगिल यांच्यावर दोरा धरला. दोन बोटंसुद्धा भरत नाहीत. म्हणजे अर्धा तास बरोबरच असणार.

आबांनी विचारलं, काय मोजतेस. सांगितलं. ते बनियनवरच बाहेर गेले आणि चाळीतल्या सगळ्यांना ऐकवून आले — आमची यशू हिमालयात विमानं लावते. आबा कारखान्यात ड्रम लोटतात. ड्रमावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही, म्हणून कधीकधी ते अक्षरं मनात धरून घरी येतात आणि जमिनीवर बोटाने काढून मला विचारतात. त्यांच्यासाठी मी म्हणजे सगळं माहीत असलेली.



११ डिसेंबर, शनिवार

कारगिलला विमान जात नाही.

सादिकने सांगितलं. तो आमची व्हॅन चालवतो, खोकी सांताक्रूझच्या कार्गोत पोचवतो. श्रीवर्धनचा आहे. मीच त्याला म्हटलं होतं, जमलं तर विचार. आज आला तो हसतच. “मॅडम, कार्गोवाल्याने चहा पाजला. म्हणाला, असा जोक पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. कारगिलला फक्त डोंगर उतरतात.”

मग जरा गंभीर झाला. लेहच्या पुढे रस्ता. ट्रक. हवा चांगली असेल तर दोन दिवस, बर्फ पडला तर ट्रक जिथे असेल तिथेच. आणि लेहचं विमानसुद्धा हवा बिघडली की चंदीगडलाच बसून राहतं. अ‍ॅटलासमध्ये हे काही नाही. अ‍ॅटलासमध्ये सगळे डोंगर तपकिरी रंगाचे आणि सपाट.

अर्ध्या तासाचा बर्फ. आणि रस्ता दोन दिवसांचा, चार दिवसांचा, कोण जाणे किती.

मला दिसतंय ते असं — खोक्यात कोमट पाणी, त्यात बाटल्या डुंबतायत. लस गरम झाली की मेली. वरून काही कळत नाही. सुई तशीच टोचते, मूल तसंच रडतं, आई तशीच पदराने डोळे पुसून घरी जाते.

सदूलाही टोचलं होतं. माझा भाऊ. तो घटसर्पाने गेला तेव्हा मी पाचवीत होते, आम्ही महाडकडे गावी होतो. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. मीही इथे जास्त लिहिणार नाही. पण या डेपोची जाहिरात वाचून मी बी.एड.चा फॉर्म भरला नाही, याचं कारण तेच.

१२ डिसेंबर, रविवार

उपाय सापडला!

चांगुणाबाईंच्या पडवीत नवा फ्रीज आलाय. आमच्या घरमालकीण. सिडकोने शेतं घेतली त्याच्या पैशातून घेतलाय, म्हणून मुद्दाम पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. हार घातलाय. घणसोलीत या आळीत पहिलाच. मला बोलावून आत काय काय ठेवलंय ते दाखवत होत्या, आणि माझं लक्ष नाही म्हणून रागावल्या. म्हणाल्या, त्वांड कशाला पाडलंस गो? मग सांगितलं — औषध लांब न्यायचंय, बर्फ पुरणार नाही.

त्या हसल्या. “यवरा शिकलीस, आनि ह्ये ठावं नाय? बरफान मीठ घाल. आमची मानसं होरीन मावरा तसाच आनतान. मीठ घातला का बरफ कडक व्हतं.”

होडीतली मासळी! आणि मला आठवलं! एफ.वाय.ला प्रयोगच केला होता. बर्फात मीठ घातलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. जेवढं जास्त थंड भरू, तेवढं गरम व्हायला जास्त वेळ लागणार. मी काय शिकले आणि त्या काय शिकल्या, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन भेटलं. इतकं बरं वाटलं! मीठही त्यांच्याच घरचं, खाडीच्या मिठागरातलं, जाडं.

१३ डिसेंबर

सरांना आधी थापेचं सांगितलं. कान गरम झाले होते. ते रागावले नाहीत, ‘अर्धा तास’ खोडून ‘रस्त्याने, अनिश्चित’ लिहिलं. मग दुप्पट बर्फ आणि मीठ हे सांगितलं. मला वाटलं खर्चाचं काढतील. पण म्हणाले, “घाल. बर्फ कमी पडल्याची तक्रार येते. जास्त झाल्याची कधी आली का?”

सगळे हसले. मीसुद्धा.

२४ डिसेंबर, शुक्रवार

खोकी गेली. दिवसभर स्वतः उभी राहून भरून घेतली. आधी बर्फाचा थर, मग मीठ, मग बाटल्या, परत बर्फ, परत मीठ. थर्मोकोलच्या आतल्या अंगाला पांढरी भुकटी धरली. एका बाटलीला बोट लावलं तर चिकटलं. सादिक म्हणाला, मॅडम, लस पाठवताय का बोंबील?

पॅकिंग स्लिपवर सही माझी. व्हॅन बेलापूर रोडला लागेपर्यंत गेटात उभी होते. इतक्या लांब, जिथे मी कधी जाणार नाही, तिथल्या मुलांसाठी माझ्या हाताने काहीतरी गेलं. डोळे भरून आले. लाजच वाटली.

१ जानेवारी १९८३

नोकरीत कायम! सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, लडाखच्या कामाचंही नाव घेतलं. आबांनी पेढे वाटले. आईने माझ्या ताटात भाकरीवर तूप जास्त घातलं.

१२ जानेवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

संध्याकाळी चांगुणाबाईंनी हाक मारली. परवा लावलेलं दही आंबट होऊ नये म्हणून त्यांनी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं. दगड झाला. मग बाहेर काढून ठेवलं तर हे असं. वाटी माझ्यापुढे धरली. पाणी वेगळं, चोथा वेगळा. चमच्याने ढवळलं तरी एकजीव होईना, फुटकंच राहिलं. त्यांना वाटत होतं फ्रीज बिघडलाय, दुकानदाराला चिठ्ठी लिहून दे.

मी वाटीकडे बघत राहिले. त्रिगुणी लसही अशीच दिसते. दुधाळ. हलवली की एकसारखी.

बाटलीवर छापलंय. इंग्रजीत, बारीक अक्षरात. गोठू देऊ नका. ते मी किती वेळा वाचलंय! ‘लहान मुलांच्या हाती देऊ नका’ असतं ना, तसंच वाचलंय. इथे काय गोठणार? आम्हाला सगळ्यांना भीती उन्हाची. वीज गेली की थंड खोलीपाशी धावायचं, टेम्पोवर ताडपत्री टाकायची, बर्फ, बर्फ, अजून बर्फ. थंडीची भीती कुणी कधी शिकवलीच नाही.

चिठ्ठी लिहून दिली नाही. डोकं दुखतंय म्हणून आले.

१३ जानेवारी

मुदत संपलेल्या त्रिगुणीच्या बाटल्या फेकायच्या असतात. त्यातल्या दोन पिशवीतून घरी आणल्या. एक चांगुणाबाईंच्या बर्फाच्या कप्प्यात, कोलंबीच्या पिशवीशेजारी. दुसरी खाली भाजीच्या कप्प्यात. “काय हाय त्या? इख नाय ना?” म्हणाल्या. नाही म्हटलं. नाही ना?

१४ जानेवारी

संक्रांत. दारात तिळगूळ देणंघेणं चाललंय. माझं लक्ष पडवीतल्या त्या पांढऱ्या दाराकडे. उद्या काढेन.

१५ जानेवारी, शनिवार

दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. गोठलेली वितळू दिली. मग दोन्ही एकदमच हलवल्या आणि बसले बघत.

खालच्या कप्प्यातली ढगासारखी राहिली. कितीतरी वेळ तशीच.

दुसरी — आधी बारीक कण. मग कण एकमेकांना धरून खाली यायला लागले. बुडाशी साका, वर पाणी. परत हलवली. परत तेच. दही.

लेहलाही असंच, कारगिलला असंच. तिकडच्या हवेने नंतर गोठवली असती की नाही देव जाणे, पण इथेच, तुर्भ्यात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या मिठाने ती गोठलेली होती. बोट चिकटलं तेव्हाच. मला आनंद झाला होता!

आई म्हणाली, काय बघतेस एवढं? काही नाही म्हटलं. बाटल्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवल्या.

१६ जानेवारी

माझा अंदाज चुकत असेल. एका बाटलीवरून काय ठरतं? मुदत संपलेलीच होती ती.

पण दुसरीचीही संपलेली होती.

१७ जानेवारी, सोमवार

सादिकला बाजूला घेऊन विचारलं, कार्गोतून काही कळेल का, खोकी कुठवर गेली? मनात एकच — विमान अडकलेलं असू दे. चंदीगडच्या गोदामातच पडून असू देत. आयुष्यात पहिल्यांदा मी हवा वाईट असावी म्हणून मनात हात जोडले.

तो दुपारी परत आला. आठवडाभर अडकली होती, मग गेली. लेहला उतरली, आणि कारगिलचा माल तिथून ट्रकने निघालासुद्धा. “पोचला असेल मॅडम. टेन्शन घेऊ नका.” मग माझं तोंड बघून त्याचा आवाज उतरला. काय झालंय, विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं.

त्याने किल्ली फिरवून व्हॅनचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, तुम्ही नाही सांगितलं तर कोणाला कळणार पण नाही, मॅडम. हे तो मला दिलासा म्हणून म्हणाला की दम म्हणून, कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

सरकारी कागदात लस टोचायच्या शिबिराची तारीख आहे. दोन्हीकडे १ फेब्रुवारी.

१८ जानेवारी

भीती वाटते. नोकरीची वाटते, खोटं कशाला लिहू? आबांना दम लागतो आता ड्रम लोटताना. कारखान्यात त्यांनी सांगून टाकलंय की वर्षभरात सोडणार, मुलगी कायम झाली. आळीतल्या मुली माझ्याकडे गणितं घेऊन येतात. त्यांच्या आया म्हणतात, यशूसारखी हो. उद्या म्हणतील, शिकून काय केलं, औषधात मीठ घातलं!

आणि पोलीस? असं काही असतं का? कायदा मला माहीत नाही. कुणाला विचारायचं? घरात काही विचारायचं झालं तर सगळे मलाच विचारतात.

१९ जानेवारी

जेवण गेलं नाही. आजही डेपोत भोपाळसाठी खोकी भरली. पॅकिंगची मुलं आपणहून मिठाची गोणी ओढत घेऊन आली. मी ओरडले. का ते सांगितलं नाही. सगळे बघत राहिले.

२० जानेवारी, गुरुवार

आईने ट्रंक उघडली होती. बाटल्या हातात घेऊन बसलेली. मला वाटलं रागावेल, डेपोतून उचलून आणल्या म्हणून. तिने एवढंच विचारलं, ही ती टोचायची का? घटसर्पाची?

मग सांगावंच लागलं. हलवून दाखवलं. ही जिवंत, ही मेलेली. मेलेली टोचली तर काय होतं, विचारलं तिने. म्हटलं, काही होत नाही. त्रास नाही, ताप नाही. फक्त उपयोग नाही.

 बाहेर चांगुणाबाई सुकटवालीशी भाव करत होत्या. मग आई बोलली. सदूबद्दल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याचा घसा धरला तेव्हा शेजारणीने सांगितलं होतं, महाडला ने, दवाखान्यात. आईने टोपलीत कपडे भरले होते. मग तिला आठवलं, याला तर नर्सबाईने टोचलंय. घटसर्प याला होणारच नाही. साधा घसा असेल. टोपली खाली ठेवली. हळद-मीठ लावलं. दोन दिवस.

“टोचलंय म्हणून मी थांबले गं. टोचलं नसतं तर उचलून पळाले असते.”

एवढंच. रडली नाही. बाटल्या परत साड्यांखाली ठेवल्या, तिनेच.

मी आजवर समजत होते, मेलेली लस म्हणजे न दिलेली लस. तसं नाही. न दिलेली असेल तर आया पळतील. या आया थांबतील.

२१ जानेवारी

आज वाशीला जाऊन आले. जास्त लिहिणार नाही.

२२ जानेवारी

आईने केसांना तेल लावून दिलं. लहानपणी द्यायची तसं, मांडीजवळ बसवून. आबांना काही सांगितलेलं नाही. ते आनंदात आहेत, ट्रान्झिस्टर दुरुस्त करून आणलाय. बातम्यांत काश्मीर, लडाख आलं की मला हाक मारतात — यशू, तुझं गाव लागलंय!

आज लागलं. बर्फवृष्टी. मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

२३ जानेवारी, रविवार

सायकलची घंटा वाजली, दाराशी धावले. दूधवाला होता.

उद्या सरांशी बोलणार. वाक्यं पाठ करून ठेवली आहेत. 

२४ जानेवारी, सोमवार

बोलले.

दोन्ही बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या, हलवल्या. ते बघत राहिले. हुशार आहेत, लगेच कळलं त्यांना. उठून दार लावलं. मला वाटलं आता आवाज चढेल. चढला नाही. खुर्ची पुढे ओढून, मला बसायला सांगून, अगदी मायेने बोलले. म्हणून जास्त भीती वाटली.

म्हणाले, तिकडे पाणी नळात गोठतं. तुझ्या मिठाने गोठली की त्यांच्या हवेने, कोण सांगणार? त्यांनी माल मिळाला म्हणून सही दिली, तिथे आपला संबंध संपला. तक्रार आलेली नाही. येणारही नाही, अशा गोष्टींची तक्रार येतच नसते. एप्रिलमध्ये पुढचा माल जाईल, तेव्हा मीठ घालू नकोस. झालं.

मी म्हटलं, सर, शिबिर एक तारखेला आहे. मुलांना टोचतील.

“टोचतील, आणि काहीही होणार नाही. तूच म्हणतेस ना, त्रास नाही?”

मी सदूचं सांगणार होते. तोंडाशी आलं होतं. पण त्या टेबलावर त्याला ठेववेना.

मग त्यांनी फाईल उघडून पॅकिंग स्लिप दाखवली. माझी सही. बोट ठेवलं नाही, फक्त पान माझ्याकडे फिरवलं. कायम होऊन महिनाही नाही झाला यशोधरा, म्हणाले. वडिलांचा विचार कर. बुधवारी सुट्टी आहे, झेंडावंदन कर, आराम कर, डोकं शांत कर. बाटल्या त्यांनीच कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

बाहेर आले. सादिक पाण्याचा ग्लास घेऊन उभा.  म्हणाला, माझ्या बहिणीचा मुलगा दोन महिन्यांचा आहे. आणि ग्लास धुवायला गेला.

२५ जानेवारी

काही नाही. दिवसभर काही नाही.

सर नेहमीसारखे. माझ्यासाठी वरून चहा मागवला. प्याले. नाही म्हणता आलं नाही.

२६ जानेवारी

शाळेच्या मैदानात झेंडा. चांगुणाबाईंनी आग्रहाने नेलं, त्यांना ताठ उभं राहून राष्ट्रगीत म्हणायला फार आवडतं, शब्द येत नाहीत तरी. लहान लहान मुलं ओळीत, तोंडाला पावडर, थंडीने नाही तर उन्हाने डोळे बारीक केलेले. प्रत्येकाच्या दंडाकडे बघत होते मी.

वाटेत चांगुणाबाई म्हणाल्या, काय बिघडलं का गो त्या औषधाचा? मिठानं का? मी म्हटलं नाही, मिठाने नाही. माझ्याने. त्या थांबल्या. म्हणाल्या, आमचा मावरा त मेलेला असतं, पोरी. त्याला काय गोठायचा भ्याव?

बरोबर आहे. मासळी मेलेली असते. हे एवढं मला सुचलं नाही.

२७ जानेवारी, गुरुवार

आता लिहिते. इतके दिवस इथेही लिहायचं धाडस नव्हतं.

तार शुक्रवारीच केली. २१ तारखेला, वाशीच्या पोस्टातून. एक लेहला, एक कारगिलला, आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे — त्रिगुणी लस पॅकिंगमध्ये गोठली, टोचू नका, चूक माझी. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, डेपोचा पत्ता. आई बरोबर होती. खिडकीतला बाबू म्हणाला, शब्द जास्त झालेत, ‘चूक माझी’ काढलंत तरी चालेल. आई म्हणाली, राहू दे.

सोमवारी सरांसमोर बसले तेव्हा तारा गेलेल्या होत्या. परवानगी मागायला गेलेच नव्हते. ते हो म्हणाले असते तर तार त्यांचीही झाली असती, एवढंच.

आज लेहचं उत्तर डेपोत आलं. सरांनी उघडलं, वाचलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि भिंतीवरचा तक्ता काढून गुंडाळला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तारेत होतं — लेहची खोकी बाजूला ठेवली आहेत. कारगिलची तारेची लाईन बर्फाने बंद, माझी तार पुढे गेलेली नाही. म्हणून लेहहून एक माणूस निरोप घेऊन निघालाय. जीपने.

आबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ जमिनीवर बोटाने काहीतरी काढत बसले. मग विचारलं, लेहहून कारगिलला त्याला किती वेळ लागेल गं?

माहीत नाही आबा, म्हटलं.